गलांड्याचं उटणं

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा मी लहान होते. त्या दिवसांतलं मला एवढंच आठवतं की आमचे आबा चार दिवस कचेरीत गेले नाहीत, आणि पाचव्या दिवशी गेले ते संध्याकाळी घरी येऊन, न जेवता, भिंतीकडं तोंड करून निजले. आबा मूळचे पिशोरचे. भावाभावांत पुरेल एवढं रान नव्हतं म्हणून तरुणपणीच शहरात येऊन एका कचेरीत चपराशी लागले. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं, पण तिथल्या एका म्हाताऱ्या मुन्शींची चिलीम भरून, पाय दाबून ते उर्दू वाचायला शिकले. तेव्हा सगळं दप्तर उर्दूत. साहेबानं नाव घेतलं की मिसलींच्या ढिगातून आबा नेमकी तीच फाइल काढून देत, आणि त्या एका हुशारीवर त्यांना दप्तर सांभाळणारा दफ्तरी करायचं जवळजवळ ठरलं होतं. राज्य बदललं, साहेब बदलले, हळूहळू मिसलींवरची अक्षरंही बदलली. नव्या साहेबानं एकदा सगळ्यांदेखत त्यांच्या हातात कागद दिला आणि वाचा म्हणाला. आबांना तो वाचता आला नाही. मग त्यांना रांजणापाशी बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी द्यायचं. कचेरीच्या आवारातली खोलीही गेली, आणि आम्ही औरंगपुऱ्याच्या मागच्या बोळात दोन खोल्यांत राहायला आलो.

त्या दोन खोल्यांत आम्ही पाच जण. आबा, माय, धाकटी बहीण वच्छी, मी, आणि आबांची थोरली बहीण, आमची आत्या. आत्याचं कुंकू लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी पुसलं गेलं होतं आणि तेव्हापासून ती आमच्याकडं होती. घर तिचं होतं, माय त्यात राहत होती, असं म्हटलं तरी चालेल. चुलीवर काय शिजायचं, कुणी किती पाण्यानं न्हायचं, दाराला पडदा किती ओढायचा, सगळं आत्या सांगायची. सकाळी बोळातल्या नळाला तासभर पाणी यायचं. तेवढ्या तासात घागरींच्या खणखणाटाबरोबर बोळातली सगळी भांडणं उरकून जायची. मग शेजारच्या मशिदीतली बांग, रस्त्यावरच्या टांग्यांच्या घंटा, आणि भाकरी थापल्याचा आवाज. माय भाकरी थापायची तेव्हा हाताचा ताल कधी चुकायचा नाही. रोज ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी. येसर म्हणजे भाजक्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. गरम पाण्यात कालवून फोडणी दिली की झाली आमटी. भाजी नसली तरी ताट कोरडं दिसायचं नाही, म्हणून आमच्या भागात त्याची मोठी आब. पाहुणा आला की येसर जरा घट्ट व्हायचं, एवढाच फरक.

मी मॅट्रिक पास झाले. आमच्या घराण्यात कुणी सातवीही झालेलं नव्हतं. निकाल ऐकून माय देवापुढं साखर ठेवायला उठली, आणि आत्या म्हणाली, "ठेव, ठेव. आता शाळा सुटली येकदाची." मी आबांना म्हटलं, मला कॉलेजात जायचंय. ते ओरडले असते तर मला भांडता आलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "शांते, मी शिकलो तेव्हा मलाबी वाटलं व्हतं, आता आपलं कुनी काय बी काढून घेत नाय. येका हुकुमानं रद्दी झाली बघ समदी. शिकल्याचा भरवसा नाय, पोरी. घर-संसार कुन्या राज्यात बदलत नाय." कोण्या अडाणी बापानं मुलगी अडवली असं हे नव्हतं. हा शिकून पोळलेला माणूस बोलत होता.

त्या आषाढापासून मी घरात बसले. 'बसले' हा शब्द आमच्याकडं तसाच वापरतात, आणि बसणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. पुढच्या दाराला पडदा. पडद्याच्या पुढं माझं काही काम नाही, कारण आता मी दाखवायची मुलगी. नळावर वच्छी जायची, दळण वच्छी न्यायची. मला मोकळी जागा म्हणजे मागचं परस. लांबी अकरा पावलं, रुंदी सात. एका बाजूला न्हाणी, तिन्ही बाजूंना डोक्याहून उंच भिंती. कधीकाळी तिथं कुणाची तरी खोली पडली असावी, कारण जमीन म्हणजे नुसता विटांचा चुरा, चुना आणि मुरूम. मी सकाळी अकरा पावलं जायची, अकरा पावलं यायची. पलीकडून बोळातल्या मुलींची हसण्याची सर यायची आणि निघून जायची. उन्हात मात्र थांबायचं नाही. "काळी पडशील, मंग कोन करील?" आत्याचा आवाज आतून यायचाच.

परसाच्या डाव्या भिंतीपलीकडं नूरचाची राहायची. तिचे मालक एका जहागीरदाराच्या बागेत माळी होते. जहागीर गेली, बागही गेली. चाचा सायकलवर बांगड्या विकू लागले आणि चाचीनं आपल्या अंगणात डब्यांतून, फुटक्या घागरींतून तीच बाग थोडीथोडी लावली. भिंतीत एक वीट निघालेली होती. त्या भोकातून चाचीचा एक डोळा आणि अर्धं तोंड दिसायचं. एक दिवस तिथून आवाज आला, "क्या गे बेटी, कित्ते चक्कर मारती? कोल्हू का बैल भी थक जाता." मला हसूही आलं आणि रडूही आलं. तिनं भोकातून कागदाची पुडी सरकवली. आत पाच-सहा वाळकी बोंडं होती, हाताला केसाळ लागणारी. "गलांडा है. इस मिट्टी में गुलाब नै आता, ये आता. पानी ज्यादा नक्को देना. लाड करे तो मरता, नै करे तो जीता."

मी बोंडं चुरून बी पसरलं आणि वर चाळलेली माती नुसती भुरभुरली. पाणी कुठून आणायचं हा प्रश्नच नव्हता, कारण भांड्यांचं शेवटचं निवळ पाणी तेवढं माझ्या वाट्याला होतं. दहाव्या-अकराव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले. मी आत पळाले आणि मायला हाताला धरून घेऊन आले. माय वाकून बघत राहिली. म्हणाली, "चुन्यात उगवलं गं." त्या वर्षात तिनं माझ्याशी बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य असेल. रोपं बोटभर झाल्यावर मी ती वीतवीत अंतरानं लावली, विटांचे तुकडे वेचून वाफ्याला कड केली. दसऱ्याच्या सुमाराला पहिली फुलं आली. मधे लालभडक, कडेला पिवळी, जशी कुणी पाकळ्यांची टोकं हळदीत बुडवली आहेत. मग थांबेचनात. सुकलेलं फूल खुडलं की दोन नवीन. फुलपाखरं भिंतीवरून बिनधास्त आत यायची आणि तशीच बाहेर जायची. मी त्यांच्यावर चिडायची, हे आज लिहायला लाज वाटत नाही.

आत्याला त्या फुलांचा राग होता. एक ओंजळ मी देवापुढं ठेवली तर तिनं ती सुपलीत भरून बाहेर काढली. "वास नाय, काय नाय. विलायती फूल. देवाला चालतंय व्हय हे?" दसऱ्याला झेंडू महाग होता, तरी दाराच्या तोरणात तिनं गलांडा घेऊ दिला नाही. आणि मला दुसरीच एक गोष्ट कळत चालली होती. रोपं हाताळताना, जुने दांडे उपटताना माझ्या मनगटाला खाज सुटायची, दुसऱ्या दिवशी बारीक पुरळ यायचं आणि दोन-तीन दिवसांत जायचं. चाचीला विचारलं तर ती भोकातून म्हणाली, "पत्ते हाथ कू नक्को मलो. किसी किसी कू खुजली आती. हमारे मियाँ कू भी आती थी. फिर हाथ कू कपडा लपेट के काम करते थे." मीही हाताला फडकं गुंडाळू लागले. एवढं सगळं मला ठाऊक होतं. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवावं म्हणून आधीच सांगितलं.

तुळशीचं लग्न लागलं आणि आत्यानं निरोप आणला. पाचोडचं स्थळ. मोसंबीची बाग, दोन विहिरी, मुलगा एकुलता एक. मुलाचे मामा आणि आई येत्या बाजारच्या दिवसानंतर मुलगी बघायला येणार. आबांच्या तोंडावर कितीतरी वर्षांनी मी तसलं सुख पाहिलं. रांजणापाशी बसलेल्या माणसाची मुलगी बागायतदाराच्या घरात जाणार होती. ते मला म्हणाले, "तुजं नशीब हाय. दोन विहिरी हायेत." मी विचारलं, "तिथं वाचनालय हाय का?" ते हसले, त्यांना ती थट्टा वाटली. मला त्या रात्री, आणि नंतरच्या प्रत्येक दिवशी, परसाच्या भिंती थोड्या जवळ सरकल्यासारख्या वाटत होत्या. इथं निदान अकरा पावलं होती.

पाहुणे यायच्या चार दिवस आधी आत्यानं उटण्याचं मनावर घेतलं. बेसन, हळद, साय, संत्र्याची वाळलेली साल. पाट्यावर वाटायला बसली आणि तिचं लक्ष मागच्या दारातून परसाकडं गेलं. ऊन तिरपं पडलं होतं आणि फुलं नुसती पेटल्यासारखी दिसत होती. ती बघत बसली, मग म्हणाली, "शांते, रंग बघ कसा हाय. जा, चांगली दोन मुठी आन, पाल्यासकट आन. हळदीवानी रंग चढंल तोंडावर." देवाला न चालणारं फूल तिनं माझ्या तोंडाला लावायचं ठरवलं. तिच्या हिशेबात यात काही विसंगत नव्हतं. देवाला वास लागतो, सोयऱ्यांना रंग.

मी परसात गेले. फुलं खुडली, पानंही ओरबाडून घेतली. हाताला फडकं बांधलं नाही. दारात माय उभी होती. तिनं माझ्या ओंजळीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि आत जाऊन चुलीत फुंकर घालू लागली. माझ्या मनगटावरचं पुरळ तिनं आधी दोनदा तरी पाहिलं होतं, खोबरेल लावलं होतं. तिला कळलं होतं का? मी तिला कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही. एक शब्द बोलले असते, 'आत्या, यानं खाज येते', तर काम थांबलं असतं. मी तो शब्द बोलले नाही. मला वाटलं, थोडं पुरळ येईल, बघणं आठ दिवस पुढं जाईल. त्यापुढचं काही माझ्या डोक्यात नव्हतं. अडकलेलं माणूस फार लांबचा विचार करत नाही.

दोन दिवस सकाळी आत्यानं स्वतः माझ्या तोंडाला, मानेला, कोपरापर्यंत हातांना ते उटणं घासलं. तिच्या हातांना काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी मी उठले तर डावा डोळा उघडेना. गाल सुजून तांबडे, हातांवर फोड, काही फुटून त्यातून पाणी येत होतं. खाज अशी की भिंतीला हात घासावेत. हे लिहिताना मनगट खाजतंय, खरं सांगते. आत्या "आई गं माझे" म्हणून मटकन खाली बसली. निरोप पाठवावा तर पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं निघणार, त्यांच्याआधी पोचणार कोण? आत्यानं ठरवलं, पदर पुढं ओढायचा आणि खोलीत उजेड कमी ठेवायचा.

मुलाची आई जाड, गोरी, दम लागलेली होती. मामा मोठ्या आवाजाचे. "पाटील, शहरात राहून बी तुमी वाड्यावानी अंधार करून बसता का?" असं म्हणत त्यांनी खिडकी उघडली. मी पाटावर बसले. नाव विचारलं, सांगितलं. शिक्षण विचारलं, सांगितलं. मग त्या बाईंनी माझा पदर बोटानं वर केला आणि माझा हात आपल्या हातात घेऊन उलटा केला. हात बघायची आमच्याकडं रीतच आहे, कामाचा हात आहे का बघतात. त्यांनी तो हात हळूच माझ्या मांडीवर परत ठेवला. ओरडल्या नाहीत, काही नाही. फक्त आपला तळवा लुगड्याला पुसला. एकदा, आणि मग परत एकदा. माय पोह्यांच्या बशा घेऊन आली होती. मामा म्हणाले, "राहू द्या." आत्या म्हणाली, "पानी तरी घ्या." ते उठलेलेच होते. आबा रोज ज्याला त्याला पाणी देणारे, त्यांच्या घरचं पाणी पाहुणे न पिता गेले.

आठ दिवसांत शब्द पाचोडहून पिशोरला पोचला आणि तिथून आमच्या बोळात आला. शब्द होता 'रक्तपिती', म्हणजे महारोग. आता त्या आजाराचं औषध निघालंय, तो बरा होतो, आणि ज्यांना खरोखर तो झाला त्यांना आम्ही लोकांनी कसं वागवलं हे आठवलं की मान खाली जाते. तेव्हा तो शब्द म्हणजे घराला कुलूप. माझी सूज पंधरा दिवसांत उतरली, फोड वाळले, काळे डाग तेवढे राहिले. पण आत्यानं मला वेगळं ताट दिलं, वेगळा तांब्या दिला. वच्छीचं अंथरूण माझ्या शेजारून उचललं. परसाला लागून अडगळीची खोपी होती, तिथं मी निजू लागले. आता मला दाखवायचंही नव्हतं, म्हणून पडद्यापर्यंत जायचीही बंदी आली. मला लग्न टाळायचं होतं ते टळलं होतं, आणि आधी होती तेवढीही जागा उरली नव्हती. मी मनाशी म्हणायचे, सहा महिने जातील, लोक विसरतील, मग परत कॉलेजचा विषय काढू. असं स्वतःला समजावत मी गप्प राहिले.

मग एका दुपारी वच्छी शाळेतून अर्ध्यातच आली. तेव्हा ती सहावीत होती, बडबडी, कुणाच्याही अंगावर रेलून बोलणारी. तिच्या वर्गातल्या मुलींनी बसायची पट्टी ओढून घेतली होती. तिला एकटीला फरशीवर बसवलं होतं, आणि बाईंनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. ती माझ्या अडगळीच्या दारात उभी राहिली, आत आली नाही. म्हणाली, "ताई, मला कवा होनार गं?" मी म्हटलं, "काय?" ती म्हणाली, "तुला झालं ते."

त्या रविवारी सकाळी आबा परसात दात घासत होते. मी बाहेर आले आणि सगळं सांगून टाकलं. खाज कशामुळं येते, चाची काय म्हणाली होती, आत्यानं पाला मागितला तेव्हा मी काय केलं. "मला म्हाईत होतं, आबा. तरी मी बोलले नाय." बोलताना मला स्वच्छ दिसत होतं की मी माझ्या हातानं पाचोडचं दार परत उघडतेय. आबा खरी गोष्ट सांगायला जाणार, ते लोक येणार, मी जाणार. पण वच्छी फरशीवर बसली होती.

मला वाटलं आबा मारतील. त्यांनी चूळ भरली, तांब्या खाली ठेवला, धोतर खोचलं आणि वाफ्यात शिरून एकेक रोप मुळासकट उपटायला लागले. बोलले एकच. "कामून सांगितलं नायस?" मी म्हटलं, "सांगितलं असतं तर तुमी लग्न थांबवलं असतं का?" ते उपटत राहिले. घामानं त्यांचे हात कोपरापर्यंत ओले झाले होते आणि त्याला पाल्याचा रस लागत होता. भिंतीच्या भोकातून चाची ओरडली, "अजी किसनराव, हाथ कू कपडा तो बांधो!" आबांनी तिकडं पाहिलंही नाही. अर्ध्या तासात परस होतं तसं झालं. एकच रोप कोपऱ्यात न्हाणीच्या आड राहिलं.

दोन दिवसांनी कचेरीतून आले तेव्हा ते हात खाजवत होते. बाह्या वर केल्या. माझ्यासारखंच, मनगटापासून कोपरापर्यंत तांबडं, वर बारीक फोड. त्यांनी मला बोलावलं, दिव्याजवळ दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ बघत राहिले. मग एकदम हसले. "आयला, खरंच की गं!" त्यांच्या डोक्यात काय आलं ते मला लगेच कळलं. हा पुरावा होता. दुसऱ्या दिवशी रजा टाकून, राहिलेलं ते रोप वर्तमानपत्रात गुंडाळून ते पाचोडच्या मोटारीत बसले. मी अडगळीत बसून पाचोडला काय काय न्यायचं ते मनात ठरवत होते. पुस्तकं तीन होती. ती न्यायची की वच्छीला द्यायची, एवढाच प्रश्न होता.

आबा संध्याकाळी परतले. हातपाय धुतले, जेवायला बसले. आत्यानं दोनदा विचारलं तेव्हा भाकरी मोडत सांगायला लागले. "बाजारचा दिस व्हता. मामा पारावर बसलेले, धा-पंधरा मान्सं भवती. मी रोप काढलं. म्हनलं, मामा, हे घ्या, मनगटाला चोळा, परवा मला कळवा. कुनी हात लावंना. म्हनलं, बरं, माजं बघा. मी झाडं उपटली, मलाबी झालं. बाह्या वर केल्या." त्यांनी आमटीचा घोट घेतला. "मामा काय म्हनला म्हाईत हाय? म्हनला, म्हंजी हे बापाकडनं आलंय तर."

आबाच पुढं बोलले. "समदी मागं सरकली. एकानं तर मी बसलो व्हतो त्या दगडावर पानी वतलं. मी उभाच व्हतो तवर. पुरावा घेऊन गेलो मी, अक्का. डोळ्यापुढं झाड व्हतं. त्यांनी झाड बघितलंच नाय, माजे हात बघितले."

आत्या म्हणाली, "जाऊ दे. दुसरं बघू. पन ह्या अंगाच्या पोरीला आता..."

"अक्का," आबा म्हणाले, "उटनं तू वाटलंस."

आत्याचा चेहरा असा झाला की मला बोलावंसं वाटलं. मी तोंड उघडलं आणि आबांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. ती नजर मला कळली. माझी लबाडी त्यांनी पोटात ठेवली होती आणि तिथंच राहू द्यायची होती. मग ताटावरून न उठता त्यांनी विचारलं, "शांते, त्या कॉलेजात पोरी बसत्यात का?"

"दोन-चार असत्यात, म्हणे."

"येगळ्या का पोरांत?"

"पुढच्या बाकावर."

"जून लांब हाय अजून," ते म्हणाले. "तवर इंग्रजी वाच. जिथं दिसलेलं बी पटत नाय तिथं माजी पोरगी जानार नाय. रद्दी झाली तर झाली. वाचता येनाऱ्याच्या हातात काय तरी राहतं, ह्या लोकांच्या हातात काय हाय?"

त्यानंतर जवळजवळ महिनाभर आबा थंडीतही बाह्या दुमडून कचेरीत जात होते. रांजणावर पाणी प्यायला येणारा विचारायचाच, हे काय झालं? आबा सांगायचे, "गलांडा उपटला. माज्या पोरीला बी त्यानंच झालं व्हतं." वकील, कारकून, खेड्यांतून आलेले पक्षकार, सगळ्यांना तीच गोष्ट. ज्या जागेची त्यांना लाज वाटायची ती त्यांनी अशी कामाला लावली. बोळात चाचीनं भांडून भांडून तेच सांगितलं. होळीपर्यंत वच्छीला पट्टीवर जागा मिळाली. माझं ताट मायनं एक दिवस न विचारता बाकीच्या ताटांत मिसळून टाकलं आणि आत्या काही बोलली नाही.

आत्यानं त्यानंतर उटणं कधी वाटलं नाही. दिवाळीलासुद्धा नाही. वच्छीच्या लग्नात हळद वाटायला सगळ्या बायका बसल्या तेव्हा ती हात पदराखाली घेऊन लांब बसली होती. आपल्यामुळं पोरीचं वाटोळं झालं असतं, हे ओझं ती शेवटपर्यंत वाहत होती, आणि अर्धं ओझं माझं होतं. मला तिला सांगायला वीस वर्षं मिळाली. मी सांगितलं नाही. आधी आबांच्या नजरेमुळं, आणि ते गेल्यावर माझ्या भित्रेपणामुळं. मी आयुष्यात पुष्कळ लोकांना तोंडावर खरं बोलले आहे, त्यासाठी मला फटकळ म्हणतात, आणि त्याचा मला अभिमान आहे. त्या अभिमानात ही एक जागा रिकामी आहे.

जूनमध्ये मी कॉलेजात नाव घातलं. चार वर्षं पुढच्या बाकावर बसले, त्यातलं एक वर्ष हिवतापानं वाया जाता जाता राहिलं, इंग्रजीत एकदा नापास होऊन परत बसले आणि बी.ए. झाले. आमच्या घराण्यात आणि पिशोरच्या आमच्या सगळ्या भावकीत पदवी घेतलेलं पहिलं माणूस मी.